पिशवी काढली, गाठी किती काढायच्या?

रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक बहुतेक वेळा दोन प्रश्न विचारतात. पहिला, "कॅन्सर पसरलाय का?" आणि त्याच्या पाठोपाठ, "गाठी किती काढल्यात?" दुसऱ्या प्रश्नामागे एक हिशेब असतो. जास्त काढल्या म्हणजे डॉक्टरांनी हात राखला नाही, सगळं साफ केलं. पंचवीस आकडा ऐकला की जीव भांड्यात पडतो, दोन किंवा तीन ऐकला की कपाळाला आठ्या पडतात. मी पॅथॉलॉजीत काम करते. या गाठी कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे माझं रोजचं काम. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये हा हिशेब गेल्या काही वर्षांत पार उलटा झाला आहे. दोन गाठी पुरतात, फक्त त्या नेमक्या त्याच दोन असाव्या लागतात. त्या हुडकण्यासाठी शरीरात काय टोचायचं, निळा रंग, किरणोत्सारी द्रव्य की हिरवा रंग, यावर बराच खल झाला. त्याचं उत्तर आता पुष्कळसं हाती आलं आहे.

आधी एक घोळ निस्तरू. आपण कॅन्सरच्या गोळ्यालाही गाठ म्हणतो आणि शरीरात मुळातच असलेल्या लसिका ग्रंथींनाही गाठीच म्हणतो. घसा धरला की जबड्याखाली हाताला लागतात त्या या दुसऱ्या. रक्तवाहिन्यांतून पाझरलेलं पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या बारीक, पारदर्शक नळ्यांचं जाळं अंगभर असतं, आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी या ग्रंथी चाळणीसारख्या बसलेल्या असतात. गर्भपिशवीतून सुटलेली कॅन्सरची पेशी याच नळ्यांतून निघते आणि बहुधा ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेला असलेल्या गाठींमध्ये अडकते. काही उजवीकडे, काही डावीकडे. तिथे ती सापडली तर आजार तिसऱ्या टप्प्यात धरला जातो आणि केमोथेरपी, रेडिएशन यांचा विचार सुरू होतो. नाही सापडली तर बऱ्याच जणींचं काम ऑपरेशनवरच भागतं. थोडक्यात, इथे गाठ काढायची ती मुख्यतः माहितीसाठी.

पूर्वी असं मानत नव्हते. गाठी काढणं हाच उपचाराचा भाग समजला जाई, आणि दोन्ही बाजूंच्या झाडून साऱ्या गाठी काढल्या जात. मग दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. २००८ मध्ये इटलीतल्या पुढाकाराने झालेली, ५१४ जणींची. २००९ मध्ये ब्रिटनच्या पुढाकाराने चार देशांत झालेली 'ॲस्टेक', १४०८ जणींची. दोन्ही ठिकाणी सुरुवातीच्या टप्प्यातल्या काही जणींच्या गाठी पद्धतशीर काढल्या, काहींच्या काढल्या नाहीत. सरसकट गाठी काढल्याने आयुष्य वाढलं नाही. ॲस्टेकवर टीकाही झाली. अनेकींच्या गाठी पुरेशा निघाल्या नव्हत्या, आणि गाठींच्या निकालावर पुढचा उपचार ठरवलेला नव्हता. ही टीका मला रास्त वाटते. तरीही एक प्रश्न उरतोच: ज्यातून आयुष्य वाढत नाही त्याची किंमत बाईने का मोजायची?

ती किंमत मी घरात पाहिली आहे. नात्यातल्या एका काकूंना पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर पुन्हा अंगावरून जायला लागलं. तपासण्या झाल्या, पिशवी काढली, दोन्हीकडच्या गाठीही काढल्या. सगळ्या गाठी निरोगी निघाल्या. घरात पेढे वाटले. वर्षभराने डावा पाय जड वाटायला लागला. आधी संध्याकाळी सूज, मग दिवसभर. डाव्या पायाची जोडवी रुतायला लागली, साबण लावूनही निघेनात, शेवटी सोनाराकडून कापून घ्यावी लागली. चपला दोन मापांच्या घ्याव्या लागत. कॅन्सर परत कधी आला नाही. पण देवळात, लग्नात, कुठेही मांडी घालून बसणं संपलं ते संपलंच.

हे होण्याचं कारण शरीराच्या रचनेत आहे. गर्भपिशवीचं पाणी ज्या गाठींतून वर जातं, साधारण त्याच वाटेने पायाचंही पाणी वर चढतं. सगळ्या गाठी काढल्या की पायाचा रस्ता तुटतो. म्हणून ज्या गाठीत कॅन्सरची पेशी सर्वांत आधी पोहोचेल तेवढीच काढून तपासावी, हा विचार पुढे आला. इंग्रजीत तिला 'सेंटिनेल' म्हणतात, म्हणजे पहारेकरी. वेशीवरचा पहारेकरी सुखरूप असेल तर शत्रू गावात शिरलेला नाही असं मानायचं. कबान्यास नावाच्या सर्जननी १९७७ मध्ये पुरुषांच्या लिंगाच्या कॅन्सरमध्ये ही कल्पना मांडली. १९९२ मध्ये मॉर्टन यांनी त्वचेच्या मेलानोमात निळा रंग टोचून ती वापरात आणली. मग स्तनाच्या कॅन्सरमध्ये ती रुळली. गर्भपिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये पहिला प्रयत्न १९९६ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनच्या बर्क आणि सहकाऱ्यांनी केला, तोही निळ्या रंगानेच.

त्यांनी रंग गर्भपिशवीच्या वरच्या भागात टोचला होता. आता तो गर्भपिशवीच्या तोंडाशी टोचतात. घड्याळ समोर धरलं तर तीनच्या आणि नऊच्या जागी, थोडा वरवर आणि थोडा सेंटिमीटरभर खोल. कॅन्सर आत आणि सुई तोंडाशी, हे कसं, असं कुणालाही वाटेल. पण पिशवीच्या नळ्या बऱ्याच अंशी तोंडाच्या दोन्ही अंगांनीच बाहेर पडतात, आणि तिथे सुई सहज पोहोचते. वरच्या वाटेने थेट महाधमनीजवळच्या गाठींकडे जाणारा एक रस्ता आहे, तो मात्र या पद्धतीत कमी दिसतो. फक्त त्याच वरच्या गाठींत कॅन्सर आणि खालच्या मोकळ्या, असं क्वचितच घडतं, म्हणून हा तोटा चालवून घेतला जातो.

आता ती टोचायची द्रव्यं.

निळा रंग सगळ्यांत साधा. आयसोसल्फान ब्ल्यू, पेटंट ब्ल्यू, आणि आपल्याकडे सर्रास मिळणारा मिथिलीन ब्ल्यू. कॅमेरा लागत नाही, यंत्र लागत नाही, डोळ्यांना दिसतो. अडचण अशी की याचा रेणू अगदी छोटा. तो नळीतून भराभर पळतो, पहिल्या गाठीत थांबतो न थांबतो तोच पुढच्या गाठींत जातो. सर्जनला लगबगीने शोधावं लागतं. चरबीआड असलेली निळी नळी दिसतच नाही, आणि हा कॅन्सर ज्यांना होतो त्यांच्यात वजन जास्त असलेल्या बायका पुष्कळ असतात. ज्यांच्यासाठी शोध सर्वांत सोपा व्हायला हवा, त्यांच्यातच तो सर्वांत अवघड होतो. शिवाय एखादी नळी कापली गेली की सगळा परिसर निळा होतो.

त्याचे इतर त्रास ठाऊक असले तर निम्मी घबराट टळते. ऑपरेशन चालू असताना बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन अचानक कमी दिसतो. निळा रंग त्या चिमट्याचा लाल प्रकाश शोषून घेतो, म्हणून आकडा खोटा पडतो, रक्तात प्राणवायू ठीक असतो. दुसऱ्या दिवशी लघवीच्या पिशवीत हिरवट-निळी लघवी दिसते आणि बाहेर बसलेल्या माणसांचे धाबे दणाणतात. ती रंगाची असते, एखाद-दोन दिवसांत जाते. खरा धोका तीव्र ॲलर्जीचा. तो फार थोड्या जणींना होतो, पण होतो, विशेषतः आयसोसल्फान आणि पेटंट ब्ल्यूने. आणि मिथिलीन ब्ल्यू वापरणार असतील तर नैराश्याच्या काही गोळ्या चालू आहेत का हे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगायला हवं, कारण त्या दोन्हींचं एकत्र येणं घातक ठरू शकतं. आपल्याकडे बायका या गोळ्या लपवतात. सुनेलाही सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगा, एवढीच कळकळीची विनंती.

दुसरं द्रव्य टेक्नेशियम-९९एम. सूक्ष्म कणांना चिकटवलेलं किरणोत्सारी मूलद्रव्य. त्याची निम्मी शक्ती सहा तासांत संपते, त्यामुळे रुग्णाला फार किरण बसत नाहीत. कण मोठे असल्यामुळे ते पहिल्या गाठीत अडकून राहतात, निळ्यासारखे पळून जात नाहीत. ऑपरेशनच्या वेळी पेन्सिलीसारखा गॅमा प्रोब फिरवला की गाठीजवळ तो टूं टूं वाजतो. आधी स्कॅन काढला तर गाठ कुठे आहे ते सर्जनला पोट उघडण्याआधीच कळतं, आणि हे बाकी दोघांत होत नाही. पण त्यासाठी न्यूक्लिअर मेडिसिन विभाग हवा, किरणोत्साराची परवानगी हवी, आणि बाई जागी असताना पिशवीच्या तोंडाशी सुई टोचावी लागते. हा शेवटचा मुद्दा चर्चांमध्ये एका ओळीत उरकला जातो. जिला टोचतात तिच्यासाठी तो एका ओळीचा नसतो. आणखी एक अडचण म्हणजे टोचलेली जागा आणि गाठ यांच्यात अंतर थोडंच असतं. टोचलेल्या जागेचाच आवाज एवढा येतो की शेजारच्या गाठीचा त्यात बुडून जातो. म्हणून बरीच वर्षं टेक्नेशियम आणि निळा रंग जोडीने वापरत.

तिसरं द्रव्य इंडोसायनिन ग्रीन, ऑपरेशन थिएटरच्या बोलीत आयसीजी. हे काही नवं नाही. अमेरिकेत १९५९ पासून परवाना आहे, हृदयाचा आणि यकृताचा अंदाज घ्यायला ते वापरत, आणि डोळ्याच्या पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला डोळ्यांचे डॉक्टर आजही वापरतात. कुपीत २५ मिलिग्रॅम हिरवी पूड असते, ती २० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवतात आणि चार ठिकाणी एकेक मिलिलिटर टोचतात. रक्तातल्या आणि लसिकेतल्या प्रथिनांना चिकटून ते वाहतं, यकृतावाटे पित्तातून बाहेर पडतं. त्याची खुबी अशी की सुमारे ८०० नॅनोमीटरचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकला की ते स्वतः चमकतं. ती चमकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, खास कॅमेऱ्यालाच दिसते. असा प्रकाश चरबीतून सेंटिमीटरभर आरपार येतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि पिवळट चरबीखालून एक उजळ रेघ वळणं घेत वर सरकताना दिसते. तिच्या टोकाला वाटाण्याएवढा लखलखता ठिपका. ती गाठ. मी हे पहिल्यांदा थिएटरमध्ये उभी राहून पाहिलं तेव्हा माझ्या हातात नेहमी फॉर्मॅलिनच्या डबीतून येणारी वस्तू जिवंत शरीरात कशी असते ते कळलं. आयसीजीच्या पुडीत थोडं आयोडाइड असतं, त्यामुळे आयोडीनची तीव्र ॲलर्जी असल्यास सांभाळून. एरवी त्याचा त्रास फार कमी.

या रंगांची समोरासमोर तुलना करणारी सर्वांत नीट चाचणी 'फिल्म' नावाची, २०१८ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिची आखणी मला फार आवडते. अर्ध्या बायकांना निळा आणि अर्ध्यांना हिरवा, असं केलं नाही. गर्भपिशवीच्या किंवा तिच्या तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातला कॅन्सर असलेल्या प्रत्येकीला दोन्ही टोचले. आधी कोणत्या रंगाने शोधायचं हे तेवढं चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे वजन, वय, शरीराची ठेवण यांचा प्रश्नच उरला नाही. तीच बाई, तोच सर्जन, त्याच नळ्या. तपासणीत खरोखर गाठी ठरलेल्या एकूण ४८५ मिळाल्या. त्यांपैकी ९७ टक्के आयसीजीने दाखवल्या, निळ्याने ४७ टक्के. किमान एक गाठ सापडली अशा बायका आयसीजीने ९६ टक्के, निळ्याने ७४ टक्के.

हे ७४ वाचून कुणी म्हणेल, निळाही फार वाईट नाही की. इथेच खरी मेख आहे. ओटीपोट म्हणजे एक खोली नाही, मधोमध भिंत असलेल्या दोन खोल्या आहेत. उजवीकडचा पहारेकरी सुखरूप असला म्हणून डावीकडे काही झालं नाही असं म्हणता येत नाही. म्हणून नियम असा की ज्या बाजूला पहारेकरी सापडला नाही, त्या बाजूच्या सगळ्या गाठी काढायच्या. आता दोन्ही बाजूंना सापडण्याचं प्रमाण बघा: आयसीजीने ७८ टक्के, निळ्याने ३१ टक्के. म्हणजे निळ्या रंगावर विसंबलं तर दर तिघींपैकी दोघींच्या किमान एका बाजूला जुन्या पद्धतीने हात घालावा लागेल, आणि त्या बाजूच्या पायाची जोखीम परत अंगावर येईल. रंगाच्या तुलनेत माझ्या मते हाच एक आकडा सर्वांत आधी विचारावा. "किती टक्के सापडतं" यापेक्षा "दोन्हीकडे किती टक्के सापडतं". त्या चाचणीनंतर त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने या कामासाठी आयसीजीला परवानगी दिली. टेक्नेशियम आणि निळा या जोडीशी तुलना केलेल्या अभ्यासांतही निदान एक गाठ सापडण्यात फार अंतर नसतं, दोन्ही बाजू सापडण्यात आयसीजी पुढे असतं. चीनमध्ये कार्बनचे सूक्ष्म कणही वापरतात, गाठ काळी दिसते आणि कॅमेरा लागत नाही.

पण रंग चांगला म्हणजे काम फत्ते, असं नाही. २०१७ च्या 'फायर्स' चाचणीतही आयसीजीच वापरलं होतं. अमेरिकेतल्या दहा केंद्रांत सगळ्यांच्या पहारेकरी गाठी काढल्या आणि नंतर बाकीच्याही गाठी काढून पडताळा घेतला. तिथे दोन्ही बाजू सापडल्या त्या फक्त ५२ टक्के जणींत. रंग तोच, प्रमाण ७८ ऐवजी ५२. फरक हातांचा, सरावाचा, सुई किती खोल गेली याचा, आणि अशा अनेक गोष्टींचा. एका बाजूला चमक दिसली नाही तर तिथे पुन्हा टोचून बघणं, ही साधी गोष्टही दोन्हीकडे गाठ सापडण्याचं प्रमाण बरंच वाढवते. फायर्सने दिलेली मोठी खात्री वेगळी होती. जिथे पहारेकरी सापडला होता आणि गाठींत खरोखर कॅन्सर होता अशा ३६ जणी निघाल्या, त्यांपैकी ३५ जणींत तो पहारेकऱ्याने दाखवला. पहारेकरी मोकळा असेल तर बाकीच्या गाठीही मोकळ्या, हे ९९.६ टक्के वेळा खरं ठरलं.

आता माझ्या टेबलाकडे या. निळी गाठ फॉर्मॅलिनमध्येही निळसर दिसते. आयसीजीची गाठ मात्र डबीत येते तेव्हा इतर कुठल्याही गाठीसारखीच, पिवळट-करडी. तिची चमक थिएटरच्या कॅमेऱ्यातच राहिलेली असते. आणि कधीकधी डबीत गाठच नसते. लेबलवर 'डावी सेंटिनेल' आणि आत नुसता चरबीचा तुकडा. चरबीतली फुगलेली नळीही गाठीसारखी चमकते आणि फसवते. मी तो तुकडा बोटांनी चाचपते, पातळ काप करते, सगळा ब्लॉकमध्ये, म्हणजे मेणाच्या ठोकळ्यात, घालते. नसेल तर नसते. अशा वेळी ती बाजू 'सापडली' असं धरता येत नाही. म्हणून थिएटरमध्येच काढलेला तुकडा कापून आत गाठ आहे ना, हे बघून घेणारे सर्जन मला फार जवळचे वाटतात.

गाठ असेल तर तिचे दोन-दोन मिलिमीटरचे काप होतात. पहिल्या स्लाइडवर काही दिसलं नाही तर ब्लॉक आणखी खोल कापून नव्या स्लाइड करायच्या आणि कॅन्सरच्या पेशींतलं केराटिन हे प्रथिन दाखवणारा खास रंग लावायचा. मग लसिका पेशींच्या निळ्या गर्दीत एखादीच तपकिरी पेशी डोळ्यांत भरते. ०.२ ते २ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे सूक्ष्म प्रसार, त्याहून लहान म्हणजे सुट्या पेशी. सुट्या पेशींनी टप्पा बदलत नाही. पंचवीस गाठींवर एवढी मेहनत कुठल्याच लॅबला परवडत नाही, दोनवर परवडते. म्हणजे कमी गाठी काढल्या म्हणून कमी तपासलं, असं नाही. प्रत्यक्षात जास्त तपासलं. शिवाय नेहमीच्या पद्धतीत हात जात नाही अशा कोपऱ्यात, माकडहाडाच्या वरच्या हाडासमोर वगैरे, लपलेला पहारेकरीही रंगामुळे हाती लागतो.

आपल्याकडे अडतं कुठे, तर औषधावर नाही. आयसीजी भारतातही बनतं. मदुराईची ऑरोलॅब ते डोळ्यांच्या तपासणीसाठी तयार करते. अडतं ते कॅमेऱ्यावर. मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत तो असतो, जिल्ह्याच्या गावी असेलच असं नाही. मग तिथे काय करायचं? मिथिलीन ब्ल्यूने शोधणं चूक नाही, मात्र नियम पाळायची तयारी हवी: सापडलेला पहारेकरी काढायचा, डोळ्यांना किंवा हाताला संशयास्पद वाटणारी गाठ रंग असो नसो काढायची, आणि न सापडलेल्या बाजूला पूर्ण काम करायचं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात हे नियम लावून पाहिले तेव्हा चुकून 'मोकळं आहे' म्हणण्याचं प्रमाण १५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आलं. तरी कॅमेरा असलेलं रुग्णालय एका एसटीच्या अंतरावर असेल आणि आजार थांबण्यासारखा असेल, तर मी माझ्या माणसाला तिकडेच जायला सांगेन.

ऑपरेशनच्या आधी सर्जनला विचारता येईल असं: कोणता रंग वापरणार, एका बाजूला सापडली नाही तर पुन्हा टोचणार का, आणि गाठी खोल कापून तपासायला पाठवणार का. नंतर रिपोर्ट हातात आला की एकूण आकडा शोधू नका. 'उजवी सेंटिनेल' आणि 'डावी सेंटिनेल' अशा दोन वेगळ्या ओळी आहेत का, आणि दोन्हींपुढे खरोखर गाठ लिहिली आहे का, ते बघा. उजवीकडे एक आणि डावीकडे अकरा असं दिसलं, तर कुणाची चूक झाली असं लगेच समजू नका. बहुधा डावीकडे चमक दिसली नसेल आणि सर्जननी नियमाप्रमाणे ती बाजू पूर्ण केली असेल. मग घरी गेल्यावर डाव्या पायाकडे लक्ष ठेवायचं. चप्पल घट्ट व्हायला लागली की त्याच आठवड्यात दाखवायचं, सूज घोट्याच्या वर चढायची वाट बघायची नाही.